आल्बनी जिंकतं आणि लीग बुडते : अरीना फुटबॉल वनच्या कमिशनरांना खुलं पत्र

आल्बनी, न्यूयॉर्क
डिसेंबर 2024

प्रति,
श्री. जेफ फिशर, कमिशनर, अरीना फुटबॉल वन
आणि लीगमधले सर्व संघमालक

स. न. वि. वि.

आल्बनी फायरबर्ड्स या आमच्या गावच्या संघाच्या पुढच्या हंगामाच्या तिकिटांचा ईमेल आठवडाभर माझ्याकडे तसाच पडून आहे. एरवी असा ईमेल आला की त्याच संध्याकाळी मी पैसे भरून मोकळा होतो. यंदा हात थांबला. संघावर माझा राग नाही. यंदाचा हंगाम कोलमडत असताना फायरबर्ड्स अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि बिलिंग्ज आउटलॉजकडून 46–41 असे, म्हणजे फक्त पाच गुणांनी हरले. चाहत्याने याहून जास्त काय मागावं? माझा विश्वास उडाला आहे तो लीग या गोष्टीवरचा, आणि आता एक नवी लीग तुम्ही आमच्यापुढे ठेवली आहे.

हेच पत्र तुम्हाला इंग्रजीतही पाठवलं आहे. मराठीत लिहून ते सगळ्यांसमोर ठेवतोय त्याला कारण आहे. आल्बनीच्या आसपास राहणारी आमची बरीच मराठी कुटुंबं मुलांना घेऊन या सामन्यांना येतात. तुमच्या कॅट्स संघाच्या नॅशव्हिलकडेही तसंच असेल. शिवाय एका मोसमात जन्मून त्याच मोसमात संपलेल्या लीग आम्ही भारतातही पाहिल्या आहेत. 2012 साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. पुणे स्ट्रायकर्स बालेवाडीला खेळायचे. ते अंतिम फेरीत गेले आणि मुंबईत शेर-ए-पंजाबकडून हरले. पुढच्या वर्षी बदला घेऊ, असं म्हणत आम्ही घरी आलो. ते पुढचं वर्ष आलंच नाही. खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्या तेवढ्या येत राहिल्या. त्यामुळे इथे जे चाललंय ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. खेळ मात्र सांगावा लागेल.

अरीना फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण छताखाली, आइस हॉकीच्या रिंकवर हिरवळीची चटई अंथरून खेळलेलं. मैदान फक्त 50 यार्ड लांब आणि 85 फूट रुंद. एका बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. सीमारेषेच्या जागी गादी लावलेल्या भिंती. गोलपोस्टच्या दोन्ही अंगांना ताणलेली जाळी असते, तिच्यावर आपटून परत आलेला चेंडू खेळात असतो. चेंडू लांब मारून समोरच्याला देऊन टाकायची, म्हणजे पंटची, सोय नाही, त्यामुळे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यालाही धाडस करावंच लागतं. जिम फॉस्टर नावाच्या माणसाने 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघता बघता एका पाकिटावर या खेळाचा आराखडा काढला आणि 1987 मध्ये चार संघांची पहिली लीग उभी राहिली.

मी सांगलीकडचा. आमच्याकडे कबड्डीच्या स्पर्धा शाळेच्या पटांगणावर व्हायच्या आणि आम्ही पोरं रेषेला गुडघे टेकवून बसायचो. चढाईला आलेल्याचा दम ऐकू यायचा, पकड झाली की अंगावर माती उडायची. अमेरिकेत आल्यावर मोठ्या स्टेडियममध्ये एकदा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, सामना पाहिला. खेळाडू इतके लांब होते की मी मोठ्या पडद्यावरच बघत बसलो. मग 2018 च्या वसंतात ऑफिसमधला एक जण आल्बनी एम्पायर या तेव्हाच्या इथल्या संघाच्या सामन्याला घेऊन गेला आणि पहिल्या दहा मिनिटांत एक खेळाडू भिंतीवरून आमच्या रांगेत येऊन पडला. उठला, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ‘लागलं नाही ना’ असं विचारलं आणि परत उडी मारून गेला. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जाळीवरून उसळलेला एक चेंडू प्रेक्षकांत आला. या खेळात प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो पकडला आणि माझ्या मुलीच्या मांडीवर ठेवला. तो चेंडू अजून तिच्या पलंगाशेजारी असतो.

ते गृहस्थ 1990 पासून येतात. त्या वर्षी हे अरीना उघडलं, तेव्हा त्याचं नाव निकरबॉकर. पुढे ते पेप्सी झालं, मग टाइम्स युनियन सेंटर, आता एमव्हीपी. नावं बदलली, त्यांची जागा बदलली नाही. त्यांच्याकडून मी या गावाचा इतिहास शिकलो आणि तो तुम्हाला ओळीने सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण त्या ओळीत पुढचं नाव तुमच्या लीगचं आहे.

पहिले फायरबर्ड्स इथे 1990 ते 2000 खेळले. एडी ब्राउन इथेच खेळला, ज्याची पुढे अरीना फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली. 1999 मध्ये याच अरीनात ओरलँडोला 59–48 असं हरवून आम्ही विजेते झालो. पुढच्या हंगामानंतर संघ उचलून इंडियानापोलिसला नेला. मग दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये एक संघ काही वर्षं चालला. तोही गेला. 2018 मध्ये एम्पायर आला. 11 ऑगस्ट 2019 च्या रविवारी रात्री याच अरीनात फिलाडेल्फिया सोलला 45–27 असं हरवून आम्ही पुन्हा विजेते झालो. मी तिथे होतो. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नोव्हेंबर संपायच्या आत लीग दिवाळखोरीच्या कोर्टात होती. पुढे एम्पायर नावाचाच संघ नॅशनल अरीना लीगमध्ये आला आणि 2021 आणि 2022 अशी सलग दोन विजेतेपदं घेतली. 2023 मध्ये एडी ब्राउनचाच मुलगा, एनएफएलमध्ये गाजलेला अँटोनियो ब्राउन मालक झाला आणि जूनमध्ये लीगची वर्गणी न भरल्याच्या कारणावरून संघाला बाहेर काढलं गेलं.

मैदानावर आल्बनीला हरवणं कठीण आहे. आल्बनी हरतं ते कागदावर.

त्यानंतर यंदा, 2024 मध्ये, जुन्या अरीना फुटबॉल लीगचं नाव घेऊन पुन्हा लीग सुरू झाली आणि आमच्या संघाला पुन्हा फायरबर्ड्स हे नाव मिळालं. मागच्या रांगेतल्या आजोबांनी 1999 ची टोपी कपाटातून काढली. एप्रिलअखेर 16 संघांनी सुरुवात झाली. महिना उलटायच्या आत एकामागून एक संघ बंद पडू लागले. मिनेसोटा मिथ तीन सामने खेळून संपला. आयोवा रॅम्पेज गेला, फिलाडेल्फिया गेला, जॉर्जिया गेला. संघांना टीव्हीतून आणि प्रायोजकांकडून जो पैसा येईल असं वाटत होतं तो आला नाही. मे महिन्यात मालकांनी एकत्र येऊन कमिशनर बदलला आणि हंगाम तुमच्या हाती दिला.

इथे तुमचे आभार मानले पाहिजेत आणि मी ते मनापासून मानतो. तुम्ही तेव्हा नॅशव्हिल कॅट्सचं काम बघत होता, एनएफएलमध्ये नाव कमावून झालं होतं. ही बुडती नाव तुम्ही हातात घेतली नसती तरी तुम्हाला कुणी दोष दिला नसता. तुम्ही घेतली आणि हंगाम काठाला लावलात. सप्टेंबरमध्ये उरलेल्या संघांना घेऊन ‘अरीना फुटबॉल वन’ जाहीर केलीत. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहावंसं वाटलं. ज्यांना काही पडलेलं नाही त्यांना पत्र लिहून काय उपयोग?

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार खेळाडूंच्या बाबतीतली आहे. 2010 मध्ये जुनी लीग दिवाळखोरीतून पुन्हा उभी राहिली तेव्हा खेळाडूला एका सामन्याचे 400 डॉलर मिळत. एवढ्या पैशांत माणूस भिंतीवर आपटून घेतो, कारण त्याला हा खेळ सोडवत नाही आणि वरच्या लीगमधून कुणीतरी आपल्याला पाहील अशी आशा असते. त्यांच्यापैकी बहुतेक जण दिवसा दुसरी नोकरी करतात. यंदा संघ बंद पडले तेव्हा परक्या गावात हॉटेलच्या खोल्यांत राहणारी ही मुलं एका रात्रीत बेकार झाली आणि पगार न मिळाल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या. अशा खेळात गुडघा कधीही जातो. संघच उरला नाही तर त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार? हा प्रश्न मी उगाच काढत नाही. 2019 मध्ये जुनी लीग शेवटची बुडाली त्यात मोठा वाटा होता तो कामगार नुकसानभरपाईच्या विम्यावरून झालेल्या कोर्टाच्या दाव्याचा. विमा कंपनीची मागणी 70 लाख डॉलरच्या वर होती. ज्या एका गोष्टीने मागची लीग बुडाली तिच्याबद्दल नव्या लीगच्या जाहीर घोषणांत मला काहीही वाचायला मिळालं नाही.

श्री. फिशर, हे खेळाडू काय मोलाचे असतात हे तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. 30 जानेवारी 2000 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. तुम्ही प्रशिक्षक असलेला टेनेसी टायटन्स आणि समोर सेंट लुइस रॅम्स. रॅम्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, कर्ट वॉर्नर. काही वर्षांपूर्वी तो आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता आणि मग तीन हंगाम आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. त्या रात्री तुमचा केविन डायसन गोलरेषेपासून एका यार्डावर अडवला गेला आणि तुम्ही 23–16 असे हरलात. सामनावीर वॉर्नर. चिंचोळ्या मैदानावर, अंगावर धावून येणाऱ्यांच्या गर्दीत डोळ्याचं पातं लवायच्या आत चेंडू सोडायला तो शिकला तो या आमच्या खेळात. यंदा मिनेसोटात किंवा जॉर्जियात हंगाम अर्ध्यावर सुटलेल्या मुलांत असा कुणी होता का, हे आता कुणालाच कळणार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. एक संघ बंद पडला की त्याच्याशी सामना असलेले सगळे संघ लटकतात. मे-जूनमध्ये लीगचं वेळापत्रक इतक्या वेळा बदललं की कुणाचा सामना कुणाशी आणि कधी, हे आदल्या आठवड्यापर्यंत नक्की नसायचं. यात सगळ्यात जास्त मरण अरीनाबाहेर पार्किंग सांभाळणाऱ्यांचं आणि आत पॉपकॉर्न विकणाऱ्यांचं, कारण त्यांना सामना झाला तरच पैसे.

संघांची संख्या कमी झाली की स्पर्धेलाही अर्थ उरत नाही, हे आम्ही 2018 मध्ये भोगलं आहे. त्या वर्षी जुन्या लीगमध्ये चारच संघ उरले होते आणि चारही संघ उपांत्य फेरीत घेतले गेले. आमचा एम्पायर 12 पैकी 8 सामने जिंकून पहिला. वॉशिंग्टन व्हॅलर 12 पैकी 2 जिंकून शेवटचा. उपांत्य फेरीत व्हॅलरने आम्हाला हरवलं आणि पुढे विजेतेपदही घेतलं. त्या संघाचं कौतुक आहेच. पण तीन महिने आम्ही जे पाहिलं ते कशासाठी होतं, हे माझ्या मुलीला मी सांगू शकलो नव्हतो.

तिसरी तक्रार अंतिम सामन्याची आणि ही थेट तुमच्या काळातली आहे. 19 जुलैचा अंतिम सामना न्यू जर्सीत ईस्ट रदरफोर्डला, अमेरिकन ड्रीम मॉलमधल्या बर्फाच्या रिंकच्या जागी झाला. आम्ही तिथे गेलो. आल्बनीहून गाडीने अडीच तास. मॉलमध्ये खरेदीच्या पिशव्या घेऊन फिरणारी माणसं कठड्यावरून वाकून खाली काय चाललंय ते बघत होती आणि दोन मिनिटांनी पुढे जात होती. मोंटानातल्या बिलिंग्जच्या लोकांसाठी तर तो देशाच्या दुसऱ्या टोकाचा प्रवास. त्यांच्या गावात तो सामना झाला असता तर सगळं गाव लोटलं असतं. आमच्याकडे झाला असता तर 2019 सारखी रात्र पुन्हा झाली असती. दोन्ही गावांनी आपापला संघ पडत्या हंगामात सांभाळला होता. त्यातल्या एकाला तरी हा सामना मिळायला हवा होता. तुमच्यावर तेव्हा किती ओझं होतं याची मला कल्पना आहे, तरीही हा निर्णय मला पटलेला नाही आणि तो पुन्हा होऊ नये.

आणखी एक गोष्ट आहे, तिला तक्रार म्हणावं की नाही ते कळत नाही. प्रत्येक नव्या लीगबरोबर आधीचं सगळं पुसलं जातं. कुणी किती टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, कुठला सामना कसा झाला, चित्रफिती, नोंदी. लीगची वेबसाइट बंद झाली की सगळं गेलं. 2021 आणि 2022 ची आमची विजेतेपदं नव्या लीगच्या लेखी कुठे आहेत? ती जिंकणारे खेळाडू आज पस्तिशीत आहेत. त्यांच्या मुलांना बाबांचा खेळ बघायचा असेल तर त्यांनी कुठे शोधायचा?

आता मागण्या. त्या अवास्तव नाहीत. ज्याला लीग चालवायची आहे त्याला यातली प्रत्येक गोष्ट आज करता येईल.

प्रत्येक संघाने हंगामाच्या पूर्ण खर्चाची बँक हमी लीगकडे द्यावी आणि ती दिल्याशिवाय वेळापत्रकात त्याचं नाव येऊ नये. कोणी दिली, कोणी नाही, हे जाहीर करा. आठ संघ निघाले तर आठच खेळवा, सहा निघाले तर सहा. सोळाचा आकडा ऐकून आम्ही तिकिटं काढत नाही.

खेळाडूंचा सगळ्या हंगामाचा पगार पहिल्या सामन्याआधी वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याला संघमालक हात लावू शकणार नाही. संघ मध्येच बंद पडला तरी खेळाडूला ठरलेले पैसे आणि घरी जायचं तिकीट मिळालं पाहिजे.

कामगार नुकसानभरपाईच्या विम्याचं प्रमाणपत्र पहिल्या सरावाच्या आधी लीगच्या वेबसाइटवर टाका. संघागणिक. या मागणीवर मी जराही तडजोड करणार नाही.

प्रेक्षकांनी हंगामाच्या तिकिटांसाठी भरलेले पैसे सामने होतील तसतसे संघाकडे जाऊ द्या. सामना रद्द झाला तर त्याचे पैसे परत, रोख. पुढच्या हंगामात वळते करून घेऊ, असं आश्वासन नको.

अंतिम सामना साखळीत वर राहिलेल्या संघाच्या गावात व्हावा. साखळी संपली की दुसऱ्या दिवशी ठिकाण ठरलेलं असेल, अशी अरीनाची तारीख आधीच धरून ठेवा.

आणि नोंदी जपा. राज्याच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी करार करा आणि दर हंगामाच्या नोंदी आणि चित्रफिती तिथे जमा करा. याला फार पैसे लागत नाहीत. लीग उद्या राहो न राहो, खेळलेला खेळ राहील.

संघमालकहो, तुमच्यापैकी अनेकांनी यंदा स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि ते परत आले नाहीत, हे आम्ही जाणतो. आल्बनीत संघ आहे तो अशा लोकांमुळेच. पण पैसे घालणारा जेवढा धोका पत्करतो तेवढाच खेळणाराही पत्करतो, आणि त्याला बँकेत जाऊन तो धोका मोजता येत नाही. म्हणून एकमेकांचे हिशेब तपासा. शेजारच्या संघाची तिजोरी रिकामी आहे हे तुम्हाला आमच्या आधी कळतं. कळूनही गप्प राहिलात तर त्याच्याबरोबर तुमचाही हंगाम जाईल.

गेल्या रविवारी मी मागच्या रांगेतल्या आजोबांना फोन केला. पुढच्या हंगामाचं काय करणार, विचारलं. त्यांनी पैसे भरूनही टाकले होते. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. तीही विचारते आहे. आमच्या आणि आमच्या मित्रमंडळींच्या मिळून सात जागा अजून राखून ठेवलेल्या आहेत. हंगाम वसंतात सुरू होणार आहे. वरच्यापैकी बँक हमी, पगाराचं खातं आणि विमा या तीन गोष्टींवर तुम्ही फेब्रुवारीच्या आत लेखी, जाहीर उत्तर द्यावं, एवढी विनंती. उत्तर आलं की त्याच दिवशी सातही जागांचे पैसे भरतो.

आपला,
आल्बनी फायरबर्ड्सचा एक मराठी प्रेक्षक